जादू आहे म्हणून पुस्तक बाद?

महोदय,

मुलांच्या वाचनाचा विषय निघाला की ‘हॅरी पॉटरवर चर्चने बंदी घातली आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येते. अशी बंदी नाही. कॅथोलिक चर्चची निषिद्ध पुस्तकांची यादी १९६६ सालीच इतिहासजमा झाली. ज्या पत्राचा दाखला दिला जातो, ते कार्डिनल रात्सिंगर यांनी २००३ मध्ये या पुस्तकांवर टीका करणाऱ्या एका जर्मन लेखिकेला पाठवलेले साधे उत्तर होते. दोन वर्षांनी ते पोप झाले आणि पत्राची बातमी झाली. त्याच २००३ साली व्हॅटिकनच्या पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवुड यांनी या पुस्तकांत काही वावगे नसल्याचे सांगितले, ते मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाही. प्रोटेस्टंटांतही एकमत नव्हते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावात डिसेंबर २००१ मध्ये एका चर्चने या पुस्तकांची होळी केली. इव्हँजेलिकल नेते चार्ल्स कोलसन यांनी मात्र १९९९ मध्येच, ही जादू यांत्रिक आहे, तिच्यात भुताखेतांशी संधान नाही, असे म्हटले होते.

पुस्तके जाळणारे बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय १९ पुढे करतात. त्यात इफिस शहरातील लोकांनी जाळले ते स्वतःचे, स्वतः वापरलेले मंत्रतंत्राचे ग्रंथ, पन्नास हजार रुपयांच्या (म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या) किमतीचे. दुसऱ्याच्या मुलाचे गोष्टीचे पुस्तक नव्हे. पवित्र शास्त्राचा खरा निषेध ‘अनुवाद’ या जुन्या करारातील पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात आहे आणि तो नेमका आहे: भविष्य पाहणे, शकुन काढणे, मंत्राने बांधणे, मृतांना विचारणे. शौल राजा एन-दोरच्या बाईकडे जाऊन मेलेल्या शमुवेलाला बोलवायला सांगतो, शिमोन जादूगार पवित्र आत्म्याची शक्ती पैशांनी विकत मागतो. दोघांचा दोष एकच: जे मागून मिळत नाही ते हुकमी मिळवण्याचा प्रयत्न.

म्हणून पुस्तक हाती घेताना ‘जादू आहे का?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. शक्ती कुठून येते, कोणाला आवाहन केले जाते आणि त्यातले काय मूल घरी करून पाहू शकेल, हे पाहावे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन यांनी १९५४ च्या एका पत्राच्या मसुद्यात लिहिले की त्यांच्या कथेतली जादू मंत्र शिकून मिळत नाही, ती उपजत असते आणि माणसाला साध्य नाही. गंमत म्हणजे समासात त्यांनी स्वतःच शंकाही नोंदवली: मग कथेतल्याच न्यूमेनोर राज्याच्या माणसांनी तलवारी घडवताना मंत्र वापरले, त्याचे काय?

सी. एस. लुईस यांच्या ‘नार्निया’ या बालकथामालेला डोळे मिटून मान्यता देणाऱ्या पालकांनी तिचे तिसरे प्रकाशित पुस्तक उघडावे. ल्यूसी जादूगाराच्या पोथीतला मंत्र म्हणते आणि मैत्रीण पाठीमागे काय बोलते ते ऐकते. तो जादूगार दुष्ट नाही. ल्यूसीला शिक्षा होत नाही, पण मैत्रीवरचा विश्वास कायमचा जातो. त्याआधीच्या पुस्तकात मेलेल्या चेटकिणीला परत बोलावण्याचा घाट घातला जातो. तो एन-दोरचाच प्रकार आणि लुईस तो हाणून पाडतात. जादू दोन्हीकडे आहे, फरक हेतूत आणि परिणामात आहे.

हाच न्याय पॉटरला लावला तर चित्र संमिश्र दिसते. छडी फिरवून लॅटिनसारखे शब्द उच्चारणाऱ्या मुलाच्या हाती काही लागत नाही. भविष्यकथनाच्या तासाची तर लेखिकेने टरच उडवली आहे, मात्र त्याच शिक्षिकेची दोन भाकिते खरी ठरतात, हा मुद्दा टीकाकारांच्या बाजूने जातो. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी स्मशानात बापाचे हाड, नोकराचे मांस आणि शत्रूचे रक्त घालून खलनायकाला देह दिला जातो. तो प्रसंग आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी नाही. माझ्या मते पहिली तीन पुस्तके त्या वयाला चालतील, चौथ्यापासून पुढची बारा-तेराव्या वर्षी, आणि तीही आधी पालकांनी वाचून. सातव्यात मृतांना बोलावणारा खडा येतो. नायक तो एकदा वापरतो आणि जंगलात टाकून देतो.

खरी काळजी कथेबाहेरची आहे. शाळेच्या सहलीत किंवा वसतिगृहात रात्री वाटी फिरवून केले जाणारे प्लँचेट, मोबाइलवरचे टॅरो, परीक्षेआधी बांधलेला गंडा: अनुवाद १८ ला सरळ लागू पडणारे हे प्रकार आहेत आणि त्यांत ख्रिस्ती घरेही आली. धर्मशिक्षणाच्या वर्गात कादंबरीवर तासभर बोलून यांवर चकार शब्द न काढणे, ही मला मोठी चूक वाटते. दटावून बंदी घातली की मूल पुस्तक मित्राकडे वाचते किंवा नुसता सिनेमा पाहते, आणि मग त्यातले काय खटकले हे विचारायला आपल्याकडे येत नाही.

शिक्षकांना एक सूचना. सातव्या पुस्तकात नाताळच्या आदल्या रात्री चर्चच्या दफनभूमीत दोन थडग्यांवर दोन वचने कोरलेली दिसतात, संदर्भ न देता. एक मत्तय ६:२१ (धन तेथे मन), दुसरे १ करिंथ १५:२६ (शेवटचा शत्रू मृत्यू). दुसरे वाचून हॅरीचा गैरसमज होतो आणि हर्मायनी त्याला अर्थ समजावते. मुलांना ती वचने शास्त्रात शोधायला लावावीत आणि हॅरी कुठे चुकला ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. एका तासात होण्यासारखे आहे.

– एक धर्मशिक्षक, वसई