आधी दिवाणखाना मोडू नका!

महोदय,
कौटुंबिक विनोदी नाटकावर चित्रपट काढणे नवे नाही. ‘नवा गडी नवं राज्य’वरून २०१३ मध्ये ‘टाइम प्लीज’ आला होता. पण नाटक पडद्यावर नेताना अनेकदा पहिला घाव बसतो तो दिवाणखान्यावर. पात्रे लगेच कोकणात नाही तर थेट लंडनला! अहो, एका दारातून सासरे आत येतात आणि त्याच क्षणी जावई स्वयंपाकघरात सटकतो, यातच तर सगळी गंमत असते.

गडकरी रंगायतनला हशा पिकला की नट थांबतो, तो ओसरू देतो आणि मगच पुढचे वाक्य टाकतो. चित्रपटात ही सोय नाही. तिथे संकलकालाच प्रेक्षकांचा अंदाज बांधावा लागतो. त्यात बोलणाऱ्याचाच क्लोजअप दाखवला, तर मागे शेंगा सोलता सोलता तोंड वाकडे करणारी आजी दिसणार कशी? पार्श्वसंगीताच्या ‘टुइंग टुइंग’बद्दल तर न बोललेलेच बरे.

आणि परदेशातल्या गाण्याचा खर्च वाचवून मूळ संचातल्या नटांनाच घ्या की! शेकडो प्रयोगांत हशाच्या त्या जागा त्यांनीच घोटवलेल्या असतात.

– एक नाट्यरसिक, नौपाडा, ठाणे