दहा नाही, पाचच

सेलू, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

इतके दिवस पत्र नाही म्हणून आधी शिव्या देऊन घे, मग पुढं वाच. शुगर आहे तशीच आहे. पण आज जे झालं ते तुला सोडून कुणाला सांगू? घरी म्हणतात, काट्याचं काय घेऊन बसलात.

पोरगी लातूरहून आलीय. नीटच्या टेस्टमध्ये न्यूटनचे नियम सगळे बरोबर. मी अडतीवरचा जुना स्प्रिंगचा काटा काढला, रद्दीवाल्याकडं असतो तसला. एक टोक खिडकीच्या गजाला अडकवलं, दुसरं तिला ओढायला लावलं. काटा पाचवर. म्हटलं, आता गजाकडचं टोक मी धरतो, दोघं तेवढ्याच जोरानं ओढू, किती दाखवील?

"दहा."

अगदी तुझ्या ठसक्यात! परभणीच्या खोलीवर तूही असाच दहावर अडून बसला होतास. त्या पैजेच्या चहाचे पैसे अजून येणे आहेत.

ओढलं. पाचच. तर म्हणते, "काटा बिघडलाय, पप्पा."

म्हटलं, अगं, मघाशी गज काय झोपला होता? तोही तेवढ्याच जोरानं ओढत होता, नाहीतर काटा तुझ्या अंगावर आला असता. मी फक्त गजाची ड्यूटी घेतली. स्प्रिंगला माणसं मोजता येत नाहीत, आपण किती ताणलो एवढंच तिला कळतं. जोर दुप्पट तर ताण दुप्पट, हे रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानं १६७८ सालीच छापलंय. अन् पट्टीवर किलो लिहिलं तरी काटा मोजतो बलच. पाच किलो म्हणजे ४९ न्यूटन. ट्रकचा इलेक्ट्रॉनिक काटासुद्धा वेगळं काही करत नाही. त्यातल्या लोडसेलचं, म्हणजे वजन झेलणाऱ्या ठोकळ्याचं, पोलाद डोळ्याला दिसणार नाही इतकं दबतं, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा रोध बदलतो, अन् त्यावरून आकडा येतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण पेपरात काटा नसतो, दोरी असते. दोरीचं येतं मला."

तेव्हापासून डोकं भणभणतंय बघ. येतं म्हणजे काय येतं? मार्क पडतील, उद्या डॉक्टरही होईल. आपण खोलीवर रात्र-रात्र भांडलो, पण काटा हातात घेऊन भांडलो. हिला १८० प्रश्न अन् १८० मिनिटं, भांडायचं कधी? हिची आई म्हणते, पोरीचा पिच्छा सोडा. तिचंही खरं असेल.

तुझं प्लॉटचं मिटलं का? काकूंचा गुडघा? वहिनींना नमस्कार. पोरगी मंगळवारी परत जाईल. लातूरला गेलास तर तिला भेट, पण फिजिक्सचं काही बोलू नको. तू अजून दहाच सांगशील.

तुझा,
नाना