मोटर रिवाइंडिंगवाल्या भाऊंना आभारपत्र

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

आमच्या विहिरीवरची मोटर आता मिस्ड कॉलवर चालू होते, आणि तीही फक्त घरच्या पाच नंबरांवरून. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत. ते चारचौघांत मानतो आहे, कारण तुम्ही जे शिकवलं ते आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, हातात घेणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक पोरापोरीच्या कामाचं आहे.

शेतीपंपाची थ्री फेज लाइन रात्रीची आली की हरभऱ्याचं ओलित म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. थंडी, रानडुकरं आणि बाबांचं वय. म्हणून मी आर्डुइनो उनो, सिमकार्डवर फोन घेणारं सिम ८००एल मॉड्यूल आणि मोटर चालू-बंद करणारा रिले जमवले. घोडं अडलं ते आलेला नंबर यादीत आहे का, एवढं पाहण्यापाशी. बाबांचा नंबर यादीत चौथा. त्यांनी एक कॉल केला की कॉम्प्युटरवर बोर्डाचे निरोप दाखवणाऱ्या सिरियल मॉनिटरवर पाच ओळी उमटायच्या: नाही, नाही, नाही, आहे, नाही. रिले लागायचा आणि लगेच सुटायचा.

प्रोग्राम तुम्ही दोन मिनिटांत दुरुस्त करून दिला असता. त्याऐवजी तांब्याच्या तारेची रिळं बाजूला सारून काउंटरवर पाच चिठ्ठ्या मांडल्या, त्यांवर ० ते ४ आकडे टाकले आणि मलाच लूप, म्हणजे यादी एकेक करून तपासणारा प्रोग्रामचा भाग, व्हायला लावलं. पहिली चिठ्ठी जुळली नाही, मी "नाही" म्हणालो. तुम्ही विचारलंत, "यादी सरली काय? मंग आताच नाही काहून म्हंतं?"

त्या एका प्रश्नात सगळं आलं. रेशन दुकानदार यादीतलं पहिलं नाव वाचून "तुमचं नाव नाही" असं सांगत नाही, तसंच हे. "आहे" हे जुळल्याबरोबर सांगता येतं, "नाही" मात्र यादी संपल्यावरच. म्हणजे फॉर लूपच्या आत एल्स, म्हणजे "नाहीतर"चा भाग, नकोच. लूपच्या आधी "सापडला" नावाचा व्हेरिएबल (उत्तर साठवायची जागा) फॉल्स, म्हणजे "नाही" करायचा, जुळलं की ट्रू, म्हणजे "आहे" करून ब्रेकने लूपमधून बाहेर पडायचं, आणि निर्णय लूपच्या बाहेर.

तो व्हेरिएबल दर कॉलला नव्याने फॉल्स करायचा, यावर तुम्ही जो जोर दिला त्याचं महत्त्व मला वावरात कळलं. आर्डुइनोचं मुख्य लूप फंक्शन थांबत नाही, पुन्हा पुन्हा चालतं. जुना ट्रू तसाच राहिला, तर बाबांच्या एका कॉलनंतर कुठल्याही जाहिरातवाल्याच्या फोनवर मोटर लागेल. विहिरीत पाणी नसताना तसं झालं तर मोटर जळूनच तुमच्याकडे येणार.

शेवटची चिठ्ठी ४ नंबरची, म्हणून अट "पाचपेक्षा लहान" अशीच हवी. "लहान किंवा समान" लिहिलं तर लूप यादीबाहेरची मेमरी वाचतो, आणि बोर्ड त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ही चूक शोधायला सगळ्यात अवघड, असं माझं मत झालं आहे. यादीची लांबी हाताने न लिहिता साइझऑफ या माप सांगणाऱ्या शब्दाने काढायची सवयही तुम्हीच लावली.

मोबाइल नंबर इंटमध्ये, म्हणजे पूर्ण आकडा ठेवायच्या साध्या प्रकारात, का मावत नाही, हेही तुम्ही कागदावर दाखवलं. उनोवर इंट ३२,७६७ पर्यंतच जातो. त्याहून मोठा प्रकार अनसाइन्ड लाँगसुद्धा ४,२९,४९,६७,२९५ ला थांबतो, आणि आपले नंबर ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी. म्हणून नंबर अक्षरांच्या रूपात ठेवायचे: दहा आकडे आणि मजकूर संपल्याचं सांगणाऱ्या शेवटच्या शून्य-खुणेची एक, अशा अकरा जागा. अशा दोन अक्षरांच्या रांगा (कॅरेक्टर ॲरे) दुहेरी बरोबरच्या चिन्हाने ताडले तर मजकूर नाही, मेमरीतले पत्ते ताडले जातात. तिथे मजकूर ताडणारं स्ट्रकम्प फंक्शनच हवं. मॉड्यूल नंबरापुढे +९१ लावून देतं, तेव्हा शेवटचे दहा आकडेच ताडायचे. हे सगळं मी वहीत उतरवून ठेवलं आहे.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. प्रोग्राम माझ्याकडून करवून घेतला, पण स्टार्टरला हात लावू दिला नाहीत. रिलेची जोडणी तुम्ही स्वतः येऊन केली आणि पेट्रोलचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. आईला त्याचं फार वाटलं. आता बाबा घरूनच कॉल करतात आणि नाके मोडायला सकाळी उजेडात जातात.

पुढचं काम यादी उनोच्या १ केबी ईईप्रॉममध्ये ठेवण्याचं आहे, म्हणजे लाइन गेली तरी एसएमएसने बदललेले नंबर टिकतील. चिठ्ठ्या मांडून पाहिल्या आहेत. एक जागा रिकामी असेल तर लूपने काय करावं, तिथे विचार चालू आहे. तूर निघाली की डाळ घेऊन दुकानावर येतो, तेव्हा वही आणतो.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक शिकाऊ पोरगा