माळकऱ्याने कायदा मोडावा का?

महोदय,
गावात शांततेसाठी मूक धरणे झाले, त्यात आमच्या भजनी मंडळाचे दोन टाळकरीही होते. जमावबंदी मोडली म्हणून पोलिसांनी गाडीत घातले, तर टाळ मांडीवर ठेवून निमूट बसले. ‘माळकऱ्याला हे शोभतं का?’ अशी कुजबुज पारावर अजून चालू आहे. अहो, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. दोघेही कायदेभंगाचेच कैदी! पुढे १९४७ मध्ये पंढरीचा विठ्ठल दलितांना भेटावा म्हणून गुरुजी उपोषणाला बसले. (तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच.) आमच्या त्या दोघा टाळकऱ्यांना मी कळण्याची भाकरी आणि ठेचा पोचवून आलो.

– एक वाचक, अमळनेर