डबे फेकू नकोस

दादर, मुंबई

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. एक रविवार ठरवून घरातलं सगळं प्लास्टिक बाहेर काढायचं तुम्ही दोघांनी ठरवलंयत, हे वाचून आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. म्हणून आधी एवढंच सांगतो, स्वयंपाकघरातले डबे फेकू नकोस. धडधाकट डबा टाकून त्याच्या जागी नवी बरणी आणली तर कचरा वाढलाच ना? ज्यात आज तांदूळ आहेत त्यात अजून पाच-दहा वर्षं खुशाल तांदूळ राहू देत. गरम पदार्थ तेवढे त्यात घालू नका. तडकला की मग स्टीलचा आणा. आमच्याकडे जी काही घडी बसली ती अशीच, एक वस्तू संपली की तिच्या जागी दुसरी, असं करत करत.

त्या रविवारी दुसरंच काम कर. आठवडाभराचा सुका कचरा साठव आणि वर्तमानपत्र पसरून त्यावर ओत. वहिनी नाक मुरडतील, पण दोघं मिळून बघाच. बादल्या-डबे त्यात नसतातच. असतात त्या दुधाच्या पिशव्या, बिस्किटांची वेष्टनं, शाम्पूच्या पुड्या, कोथिंबिरीची पातळ पिशवी, घरपोच मागवलेल्या जेवणाचे डबे. म्हणजे कचरा वाण्याकडून, मंडईतून आणि हॉटेलातून रोज थोडा थोडा आत येतो. अडवायचा तो तिथे.

दुधाचं जरा सविस्तर सांगतो. लहानपणी आरेच्या केंद्रावर काचेच्या बाटल्या परत करून दूध आणायचो, ते दिवस गेले. तुमच्या बाजूला तबेला असेल तर किटली घेऊन जा, त्यासारखं काही नाही. आम्हाला ते जमत नाही, पिशवीच घ्यावी लागते. मग निदान तिचा कोपरा कापताना तुकडा पुरता तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. नखाएवढा तो त्रिकोण कोणीही वेचत नाही. मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात आणि तिथून माहीमच्या खाडीत जातो. रिकामी पिशवी उभी कापायची, उलटी करून भांडी विसळलेल्या पाण्यात हलवायची आणि दोरीला चिमटा लावून वाळवायची. अशी कोरडी पिशवी भंगारवाला वजनावर घेतो, कारण ते एकाच जातीचं प्लास्टिक असतं. धारावीत अशा मालाची प्रत आणि रंग पाहून वर्गवारी होते, चुरा होतो, वितळवून दाणे पाडतात आणि त्या दाण्यांच्या नव्या वस्तू होतात. तीच पिशवी खरकट्यात मिसळली की तिची किंमत संपली.

वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला मात्र धुऊन-पुसूनही कोणी हात लावत नाही. प्लास्टिकवर धातूचा पातळ थर असतो आणि ते दोन्ही वेगळे करणं परवडत नाही. ते थेट देवनार नाहीतर कांजूरमार्गच्या कचराभूमीवर जातं. देवनारला १९२७ पासून या शहराचा कचरा पडतोय. २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटला होता तेव्हाचा धूर तुला आठवत असेल. त्यात आपल्या घरचंही काहीतरी जळत होतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. धाकटीचे वेफर्स बंद केले नाहीत, लेकराला कशाला तरसवायचं? समोर तळून देणाऱ्या दुकानात ती आता स्वतः डबा घेऊन जाते.

मासळीचंही तसंच. मी झाकणाचा स्टीलचा डबा नेतो. मावशी आता मला पाहिलं की बोंबील साफ करून डब्यातच टाकतात, पिशवीकडे हात नेत नाहीत. भांड्यांना नारळाची शेंडी, अंगाला आणि केसांना कागदात गुंडाळलेली वडी, हे सहज झालं. पिशव्या आईनं जुन्या पडद्यांच्या शिवल्या. नव्या विकत घेऊ नकोस, कापसालाही पाणी लागतंच. आणि दुकानात कापडी म्हणून देतात त्या मऊसर रंगीत पिशव्यांना भुलू नकोस. कड उसवून बघ, धागा निघत नाही. तेही प्लास्टिकच.

तू लिहिलंस की सरकारनं बंदी घातलीच आहे, मग आपण एवढं का करायचं. मंदार, २६ जुलै २००५ तू विसरला नसशील. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेवढ्या पावसानं शहर बुडणारच होतं. पण पाणी निचरायच्या वाटाही पिशव्यांच्या बोळ्यांनी तुंबल्या होत्या. राज्यानं २३ जून २०१८ पासून बंदी अमलात आणली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड ठेवला. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे स्ट्रॉ, प्लेट, चमचे देशभर बंद झाले. कायदा हवाच, तो कडकपणे राबवलाही पाहिजे. तरी पातळ पिशवी मंडईत परत आली, कारण गिऱ्हाईक रिकाम्या हातानं येतं आणि तिच्याशिवाय माल नेत नाही. भाजीवालीनं एकटीनं कुठवर नाही म्हणायचं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं वहिनींच्या गळ्यात पडू देऊ नकोस. धुणं, वाळवणं, डबे नेणं, सुटं सामान निवडणं ही कामं वाढतात आणि आपल्या घरांत वाढलेलं काम कोणाकडे जातं ते आपल्याला ठाऊक आहे. ती बाई थकली की महिन्याभरात सारं पूर्वपदावर येतं. आमच्याकडे दुधाच्या पिशव्या आणि बाजार माझ्याकडे, वाण्याची यादी तुझ्या वहिनीकडे, भंगारवाल्याशी बोलणं थोरल्याकडे. ज्याला जे जमेल ते त्याचं. एखाद्या आठवड्यात पाहुणे आले, आजारपण आलं, तर पाकिटं येतात घरात. येऊ देत, पुढच्या आठवड्यात पुन्हा लागायचं.

तेव्हा आधी दूध घे, ते बसलं की बाजार. तुमच्या सोसायटीत सुका कचरा वेगळा उचलतात का, की गाडीत सगळं एकत्रच जातं, ते वॉचमनला विचारून ठेव. एकत्र जात असेल तर कमिटीच्या पुढच्या मीटिंगला मी येतो, आपण दोघं मिळून बोलू. आई म्हणते, जुने पडदे असतील तर पाठव, तुमच्याही पिशव्या शिवून देते.

तुझा,
अभय