86.40 ते 87.60 : सरांना एक जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात कोअर-गोदामातील (कोअर म्हणजे यंत्राने जमिनीत भोक पाडून काढलेला खडकाचा दंडगोल) जुन्या पेट्यांची मोजदाद सुरू असताना, 1998 च्या हंगामात मँगनीजच्या शोधासाठी तुमसर तालुक्यात घेतलेल्या बोअरची, म्हणजे अशा भोकाची, एक पेटी माझ्या हाती आली. पेटीच्या एका कोपऱ्याला वाळवी लागली होती, पण खणातला लाकडी ठोकळा शाबूत होता आणि त्यावरचे तुमचे अक्षर अजून वाचता येत होते : "86.40 ते 87.60, कोअर मिळाला नाही." हे आकडे खोलीचे, मीटरमध्ये. तो ठोकळा हातात घेऊन मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. तुमचे आभार मानायचे राहून गेले आहेत, हे त्या दुपारी फार तीव्रतेने जाणवले, म्हणून हे पत्र. तुम्हाला स्वतःचे नाव छापून आलेले आवडत नाही, त्यामुळे ते लिहीत नाही. पत्र मात्र जाहीरपणे लिहिते आहे, कारण खाणीतले पहिले खनिज बाहेर पडण्याच्या कितीतरी वर्षे आधी त्या जमिनीवर चालून गेलेल्या भूवैज्ञानिकाचे काम बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही.

मी रुजू झाले तेव्हा क्षेत्रकार्याच्या यादीतून माझे नाव वगळावे, असे कार्यालयातल्या एका वरिष्ठांचे मत होते. रानातल्या छावणीत मुलीची सोय कशी करायची, असा त्यांचा प्रश्न होता आणि प्रयोगशाळेत बसून सूक्ष्मदर्शकाखाली खडकांचे पातळ छेद तपासण्याचे काम माझ्यासाठी जवळजवळ नक्की झाले होते. तुम्ही त्यावर वाद घातला नाही. तुम्ही तंबूंच्या मागणीपत्रात एक राहुटी वाढवली, गावातल्या अंगणवाडीताईंशी बोलून माझ्या सोबतीला त्यांच्या घरातली एक मावशी ठरवली आणि मला एवढेच विचारले, "बूट पाण्यात टिकतील असे आहेत ना?" छावणीतल्या सगळ्यांसमोर तुम्ही मला पहिल्या दिवसापासून "तुम्ही" म्हणालात. त्यामुळे यंत्र चालवणाऱ्या ड्रिलरपासून त्याच्या मदतनीस खलाशांपर्यंत प्रत्येकाने माझ्या नोंदवहीला मान दिला. हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नव्हते, पुढे दुसऱ्या एका छावणीत त्याचा अभाव सोसावा लागला तेव्हा कळले.

पहिले तीन आठवडे तुम्ही मला यंत्राच्या आसपासही फिरकू दिले नाही, नुसते चालवले. टोपोशीट 55 ओ (त्या भागाचा भूपृष्ठ-नकाशा), हातोडी, ब्रंटन होकायंत्र, दहा पटींचे भिंग आणि आम्लाची छोटी बाटली एवढेच सामान असे. हातात जीपीएस असले तरी त्या काळी ते कधी कधी शंभर मीटरपर्यंतही चुकत असे. नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली ती चूक मे 2000 मध्ये काढून टाकण्यात आली, पण तोवर विहीर, शेताचा धुरा (बांध) आणि नाल्याचे वळण यांच्यावरून पावले मोजत जागा ठरवायची तुमची रीत मला पाठ झाली होती. नागपूर-भंडाऱ्यापासून बालाघाटपर्यंत सुमारे 200 किलोमीटर पसरलेला हा मँगनीजचा पट्टा तुम्ही मला गावांच्या नावांनी शिकवलात : सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिचुआ. थर ज्या गावाजवळ नीट दिसला, त्या गावाचे नाव त्या थराला मिळाले. अभ्यासक्रमात ही नावे मी परीक्षेसाठी घोकली होती. तुमच्याबरोबर चालताना समजले की मनसरच्या थरात मँगनीज का शोधायचे आणि चोरबावलीच्या पांढऱ्या, कठीण क्वार्ट्झाइट खडकाची धार दिसली की आपण खनिजाच्या कोणत्या बाजूला आलो आहोत. गोंडाइट या मँगनीजयुक्त खडकाचे नाव भूवैज्ञानिक फर्मोर यांनी गोंड लोकांवरून ठेवले, त्यांचा भारतातील मँगनीजवरचा मोठा ग्रंथ 1909 मध्ये निघाला, आणि त्यातली निरीक्षणे आजही जागेवर जाऊन ताडून पाहता येतात, हे सांगताना तुमच्या आवाजात जो आदर असे तो मला आजही आठवतो. नव्वद वर्षांपूर्वीच्या माणसाची नोंद आपल्याला वापरता येते, कारण त्याने जे पाहिले तेच लिहिले, असे तुम्ही म्हणत असा.

आता त्या बोअरविषयी. डिसेंबर संपत आला होता, रात्रपाळीत 86.40 मीटरवर बिट (भोक पाडणारे टोक) उतरले आणि वर आलेल्या बॅरलमध्ये (कोअर धरणाऱ्या नळीत) एक मीटर वीस सेंटिमीटरचा कोअर नव्हताच. त्याच्या वर काळे, जड, ब्राउनाइटने (मँगनीजच्या एका खनिजाने) भरलेले खनिज होते आणि खाली 87.60 नंतरही तसेच खनिज लागले होते. मध्ये दुसरे काय असणार, असा विचार करून मी नोंदवहीत "मँगनीज खनिज, ठिसूळ, कोअर कमी" असे लिहिले आणि स्तंभात काळा रंग भरला. दोन दिवसांनी तुम्ही आलात, पेटीशी उकिडवे बसलात, नोंदवही वाचलीत आणि विचारलेत, "हे तुम्ही कुठे पाहिले?" मी वरचा आणि खालचा कोअर दाखवला. तुम्ही मान हलवलीत, ड्रिलरला बोलावून त्याची स्वतःची पाळीची वही मागितलीत. त्या वहीत त्या खोलीसमोर दोनच शब्द होते : "पाणी करडे." खनिजातून बिट जाते तेव्हा भोकात सोडलेले आणि वर परत येणारे पाणी शाईसारखे काळे असते, हे तीन आठवडे त्या पाण्यात उभ्या असलेल्या प्रत्येक खलाशाला ठाऊक होते, आणि मी त्यांपैकी एकालाही विचारले नव्हते.

तुम्ही रागावला नाहीत. सिगारेटच्या पाकिटाच्या मागच्या बाजूवर तुम्ही एक गुणाकार केलात : या बोअरचा प्रभाव स्ट्राइकच्या (थराच्या लांबीच्या) दिशेने 100 मीटर, उताराच्या दिशेने 60 मीटर, जाडी 1.2 मीटर, घनता 3.5. उत्तर आले 25,200 टन. "इतके खनिज तुम्ही पेन्सिलीने जमिनीत घातलेत," असे म्हणून तुम्ही तो कागद मला दिलात आणि स्वतः ठोकळ्यावर ती ओळ लिहिलीत. मग आपण दोन मीटर सरकून नवा बोअर घेतला. त्या टप्प्यात दुहेरी नळीचे बॅरल लावले, पाण्याचा दाब उतरवला आणि तीन मीटरऐवजी अर्ध्या-अर्ध्या मीटरचे रन (एका वेळी खोदायचे टप्पे) घेतले. कोअर आला. त्यात वीस सेंटिमीटर खनिज होते आणि उरलेला सगळा हाताने चुरडला जाणारा अभ्रकाचा शिस्ट नावाचा खडक होता. साठ्याचा अंदाज घटला, वेळापत्रक आठ दिवसांनी लांबले, वरून खुलाशाचे पत्र आले. त्या पत्राला उत्तर देताना तुम्ही माझ्या चुकीचा उल्लेखही केला नाहीत. जबाबदारी तुमची म्हणून तुम्ही सही केलीत.

त्याच सुमारास आपल्या क्षेत्रात सगळीकडे ब्रे-एक्सची चर्चा होती. इंडोनेशियातील बुसांग येथे सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचे त्या कॅनडातील कंपनीने जाहीर केले होते आणि 1997 मध्ये ते सारे खोटे निघाले, कारण भरडलेल्या नमुन्यांत बाहेरचे सोने मिसळलेले होते. छावणीत रात्री जेवताना तुम्ही त्यातला एकच मुद्दा पुन्हा पुन्हा सांगितलात. कोअर उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा पेटीत जपून ठेवायचा, हा आपला नित्याचा रिवाज तिथे मोडला गेला होता. जवळजवळ सगळा कोअर भरडून टाकल्यामुळे मागे जाऊन पाहण्यासारखे काही उरलेच नव्हते. उरलेला अर्धा कोअर हा आपल्यानंतर येणाऱ्या माणसाचा आहे, असे तुम्ही म्हणालात. गेल्या महिन्यात ती पेटी उघडली तेव्हा त्या अर्ध्या कोअरची चिरलेली बाजू आजही चकाकत होती.

आणखी एका गोष्टीचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. शेजारच्या भूमिगत खाणीतील पातळ्यांचे नकाशे आपल्याला हवे होते आणि 1952 च्या खाण कायद्याच्या 46 व्या कलमाने स्त्रियांना जमिनीखाली कामावर ठेवण्यास मनाई होती, त्यामुळे तुम्ही सगळे खाली उतरत असताना मी वर थांबत असे. त्या दिवसांत तुम्ही प्रत्येक भिंतीचा नकाशा दोनदा काढलात. एक सरकारी वहीत आणि एक माझ्यासाठी, ज्यात घड्यांची वळणे, थरांचा उतार, पाणी कुठे झिरपते, छताचा कोणता भाग ठोकला की पोकळ वाजतो, हे सारे लिहिलेले असे. दिवसभर खाली काम करून आलेल्या माणसाने कंदिलाच्या उजेडात आणखी दीड तास हे करावे, असे त्याला कुणी सांगितलेले नव्हते. जानेवारी 2019 मध्ये शासनाने ही मनाई शिथिल केली आणि सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळात तांत्रिक व देखरेखीच्या कामासाठी स्त्रियांना खाली जाण्याची परवानगी मिळाली. मी पहिल्यांदा खाणीच्या पिंजऱ्यातून (लिफ्टमधून) कामासाठी खाली उतरले तेव्हा तुमची ती वही माझ्या पिशवीत होती. खाण वेगळी होती, पण मनसरच्या थराची घडी बॅटरीच्या उजेडात समोर आली तेव्हा मला ती ओळखीची वाटली.

हे सगळे तुम्ही कोणत्या किमतीवर केलेत, हे मला उशिरा समजले. नोव्हेंबरपासून मेपर्यंत दर वर्षी सहा-सात महिने घराबाहेर, मग पावसाळाभर ट्रेसिंग कागदावर छेदांचे नकाशे आणि अहवाल, आणि पुन्हा दिवाळी झाली की जीप. काकूंनी एकदा मला सांगितले होते की धाकट्याने वडिलांना पाहून "कोण आले आहे?" असे विचारले होते. गडचिरोलीच्या हंगामात तुम्हाला मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया झाला, त्यातून उठल्यावर दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा रानात होता. मी याचे कौतुक करीत नाही. कुणाही भूवैज्ञानिकाला असे राहावे लागू नये, असे मला मनापासून वाटते, आणि आता माझ्या हाताखालच्या मुलामुलींना रजा, मच्छरदाणी आणि घरी जाण्याचा दिवस यांबाबत मी जे कडक नियम लावले आहेत, ते तुमच्याकडे पाहूनच. काकूंचे आभार मी कोणत्या शब्दांत मानू?

सर, तुमच्यानंतर मी सोने शोधले, चुनखडी शोधली, तांबे आणि टंगस्टनसाठी बोअर घेतले. त्यांतील बहुतेक बोअरांत काहीच लागले नाही. जी 4 पातळीवर (प्राथमिक पाहणीत) सुरू झालेले काम जी 3 ला, म्हणजे शोधाच्या पुढच्याच टप्प्याला, थांबते, तेथे खाण कधीच होत नाही, आणि वीस वर्षांच्या कामाचा मोठा भाग "येथे खनिज नाही" एवढेच सांगण्यात जातो, याचा सुरुवातीला मला फार त्रास होत असे. तुम्ही एका पत्रात लिहिले होते की कोऱ्या बोअरची नोंदही तितकीच भरगच्च लिहा, म्हणजे तिथे पुन्हा कुणाला रान तोडावे लागणार नाही. तशाच नोंदी मी लिहीत आले. आता खडकावर धरले की मूलद्रव्ये सांगणारे क्ष-किरणांचे हातयंत्र आहे आणि मुले नोंदी टॅबलेटवर करतात. त्या टॅबलेटमधल्या आमच्या तक्त्यात परत येणाऱ्या पाण्याच्या रंगाचा एक रकाना आहे. तो रिकामा सोडला तर पुढचे पान उघडत नाही, आणि तो ड्रिलरला विचारूनच भरायचा असतो.

तुमच्या गुडघ्यांचे दुखणे आता बरे असेल, अशी आशा आहे. थंडी पडली की गाडी घेऊन मी स्वतः नागपूरला येते. गोदाम जमिनीच्या पातळीवरच आहे, पायऱ्या नाहीत, आणि ती पेटी मी खालच्या फळीवर काढून ठेवली आहे. वाळवीने खाल्लेला कोपरा बदलून घेतला, ठोकळा मात्र होता तसाच ठेवला आहे.

काकूंना साष्टांग नमस्कार.

आपली विद्यार्थिनी