पाटीवरचं नाव

डडली,
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

तुझं पत्र पोचलं. खाणावळ चालवायला देतोयस हे कळलं. नवा माणूस पाटी बदलायची म्हणतोय आणि त्यावरून घरात धुसफूस चाललीय, हेही कळलं. सल्ला मी देणार नाही, तुमच्या घरात पडायची माझी छाती नाही. त्यापेक्षा इथल्या एका पबची गोष्ट सांगतो. पिण्यावरून शिव्या नंतर घाल.

इंग्लंडातल्या श्रॉपशायर परगण्यात, वेल्सच्या हद्दीजवळ बिशप्स कॅसल नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आतली. सरळ चढत जाणारा एक रस्ता, खाली चर्च, वर टाउन हॉल. चढून दम लागला की जवळच 'थ्री टन्स' पब. टन म्हणजे इथे वजन नव्हे, दारूचं मोठं पिंप. लंडनच्या वाइनवाल्यांच्या जुन्या संघाच्या चिन्हावर अशी तीन पिंपं आहेत. या जागी बिअर करायचा परवाना 1642 चा सांगतात. त्याच वर्षी इथे राजा आणि पार्लमेंट यांच्यात जुंपली. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज बारा वर्षांचे!

पब चालवणाऱ्याला हे लोक लँडलॉर्ड म्हणतात. मी पहिली दोन वर्षं समजत होतो, जागेचा मालक. छे रे! बऱ्याच ठिकाणी इमारत कुठल्या तरी ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची, किंवा कंपनीची, हा बापडा भाडेकरू, आणि बिअरही त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती. त्याच्या वाट्याला काय, तर दाराच्या चौकटीवर बारीक अक्षरात परवानाधारक म्हणून नाव. माणूस गेला की नाव खरवडायचं, दुसरं रंगवायचं.

'थ्री टन्स'मध्ये मात्र रॉबर्ट्स घराणं टिकलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे आले ते थेट 1976 पर्यंत. अंगणात त्यांच्या काळातला बिअरचा मनोरा उभा आहे, मजल्यावर मजला. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दोरखंडाने सगळ्यात वर चढवायचं. मग तिथून प्रत्येक गोष्ट आपल्या वजनाने खाली: भरडलं की गरम पाण्यात, गाळलं की हॉप्सबरोबर (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) उकळायला, निवलं की आंबायला, आणि तळाला पिंपात. पंपाची कटकट नाही. मी गेलो होतो तेव्हा अंगणात वास सुटला होता, नाचणीची आंबील चुलीवर ठेवून कोणी तरी विसरलंय तसा. मला एकदम तुमचं मागचं पडवीतलं चुलाण आठवलं.

आता खरी गंमत ऐक. 1756 च्या फेब्रुवारीत आपल्या विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं, तेव्हा इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनच्या जहाजांबरोबर पायदळ घेऊन कोण होता? रॉबर्ट क्लाइव्ह. किल्ल्यातली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, सोबत आलेल्या पेशव्यांना ठेंगा. पुढे प्लासीनंतर बंगालचा पैसा आला आणि 1763 मध्ये साहेबांनी याच बिशप्स कॅसलजवळची वॉलकॉटची जहागीर घेतली. एवढंसं गाव, पण पार्लमेंटमध्ये दोन खासदार! मतदार मोजके, विकत मिळणारे. पुढची कैक वर्षं क्लाइव्हची भावकी तिथून निवडून जात होती. 1832 च्या निवडणूक सुधारणेच्या कायद्याने तो बाजार उठला. त्या काळी निवडणूक म्हणजे मतदारांना उमेदवाराच्या खर्चाने मनसोक्त पाजणं. विजयदुर्गातला एखादा रुपया या गावच्या गल्ल्यात पडला असेल का, हे हातात ग्लास घेऊन मी बराच वेळ बघत बसलो. पुरावा काही नाही, नुसता माझ्या डोक्यातला किडा.

मोठ्या ब्रुअऱ्यांनी पुढे सगळं गिळलं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःची बिअर स्वतः करणारे जुने पब उभ्या इंग्लंडात चार उरले होते. त्यातला एक हा. दुसरा कॉर्नवॉलमध्ये, तिसरा श्रॉपशायरमध्येच मॅडलीला. चौथा तर माझ्या घराजवळ, नेदरटनला. त्याच्या आतल्या छताला मुलामा दिलेल्या पत्र्यांत एक पांढरा हंस आहे, आणि पाटीवर नाव 'ओल्ड स्वान', म्हणजे म्हातारा हंस. पण हे नाव सांगून रस्ता विचारलास तर इथला म्हातारा क्षणभर विचारात पडेल. सगळे म्हणतात 'मा पार्डोज'. डॉरिस पार्डो ही तिथली मालकीण. ती 1984 मध्ये गेली. नंतर किती जण आले नि गेले, पण माणसं अजून तिच्याकडेच जातात.

तुमच्या पाटीवर इतकी वर्षं 'श्री रामेश्वर भोजनालय' आहे. मी तरी ते कधी वाचल्याचं आठवत नाही. एसटीतून उतरलो की आपण म्हणायचो, "चल, काकीकडे जेवू." तेव्हा त्या माणसाला पाटी बदलू दे. फक्त सोलकढीचं प्रमाण काकीला विचारून लिहून ठेव, आणि एक प्रत मला पाठव.

काकीला नमस्कार.

तुझा,
बंड्या